यादीतलं कासव

ओझरला सोमाजीच्या घरी लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडची माणसं बसली होती, तिथून सुरुवात करायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या कागदामुळं झालं. सोमाजी म्हणजे मुलीचा बाप. भांडी, कपडे, मानपान, सगळं ठरत आलं होतं. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं होतं. आणि इतका वेळ निमूट चहाचे कप गोळा करणारी नवरी मुलगी, उज्ज्वला, दारात उभी राहून म्हणाली, "माझं कासव माझ्यासंगं येणार. तेबी लिहा."

मग नवऱ्याकडचा एक पाहुणा हसला आणि त्याच्यामागून सगळी बैठक हसली. सोमाजी तेवढा हसला नाही. या कासवाचं नाव काढताच दोन स्थळं आल्या पावली परत गेली होती, हे त्या गरिबाला ठाऊक होतं. पेठ गावाकडून आलेली सासू, बानूबाई, भिंतीला टेकून बसली होती. तीही हसली नाही. तिनं विचारलं, "केवढं हाय?"

उज्ज्वलानं दोन्ही हातांनी मोठ्या भाकरीएवढा घेर दाखवला.

"खातंय काय?"

"पालापाचोळा, किडं, समदं. सुकट लई आवडती."

बानूबाईनं मान हलवली आणि लिहिणाऱ्याला म्हणाली, "लिही भाऊ. पोरीनं सांभाळलेलं जनावर हाय, पोरीसंगंच येणार." मग पितळी समईच्या खाली शेवटची ओळ पडली : कासव – एक, टबासह.

कासवाचं नाव ठमी. अकरा वर्षांपूर्वी उज्ज्वला पुण्यात लॅबचा कोर्स करत होती, तेव्हा एका मासे विकणाऱ्या दुकानातून तिनं ते आणलं. तेव्हा ते काडेपेटीत मावलं असतं. आपल्याकडचं नदीतलं कासव घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हे परदेशातलं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं. दुकानदारानं "एवढंच राहतं ताई" असं शपथेवर सांगितलं होतं. दुकानदाराच्या शपथेचं काय घ्या! ठमी वाढत गेली आणि तिच्यामागं टबही वाढत गेले. उज्ज्वला एक दिवसाआड पाणी बदलायची, रोज सकाळी तिला दगडावर उन्हाला बसवायची, जुन्या टूथब्रशनं पाठ घासून द्यायची. परीक्षेत नापास झाली तेव्हा, आणि पहिली नोकरी लागली तेव्हाही, तिनं आधी ठमीला सांगितलं होतं. कासव काही बोलत नाही. पण उज्ज्वलाची पावलं वाजली की ठमीची मान कवचातून हातभर लांब व्हायची. हातभर म्हणजे अगदी हातभर नव्हे, पण उज्ज्वलाला तेवढी वाटायची.

लग्न झालं. पेठेच्या वर वाडीवर, संपतच्या घराच्या ओट्यावर टब मांडला गेला. संपत म्हणजे नवरा, बटाट्याच्या शेतीत गळ्यापर्यंत बुडालेला आणि स्वभावानं गरीब. आठ दिवस वाडीची माणसं कासव बघायला येत होती. बानूबाई लांबूनच बघायची. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं घाटमाथ्यावरून गेलं होतं. नवरा म्हस्कू होता तोवर मोठा कळप होता, आता दहा मेंढरं उरली होती. पण नजर तीच होती. कोणती मेंढी पाय टाकताना चुकतेय हे तिला ती मेंढी लंगडायच्या आधी दिसायचं. उज्ज्वलाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला सासू एक कमी बोलणारी बाई वाटायची, बस.

मार्गशीर्षात उज्ज्वलाच्या बहिणीचं, अश्विनीचं, डोहाळजेवण होतं. उज्ज्वला पाच दिवस माहेरी गेली. ठमीला काय घालायचं, किती वेळ उन्हात ठेवायचं, सगळं संपतला चार वेळा सांगून गेली. परत आली ती मंगळवारी दुपारी. ओट्यावर टब स्वच्छ घासून पालथा घातलेला होता. ओट्याच्या कडेला हळदकुंकवाची बोटं होती.

"ठमी कुठंय?"

बानूबाई घरातून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर उज्ज्वलानं कधी न पाहिलेलं हसू होतं. "आपल्या हिरीत. तुला सांगितलं न्हाई, संपतलाबी सांगू दिलं न्हाई, म्हटलं आल्यावर बघंल. अगं, माहेरनं आलेलं जनावर असं प्लास्टिकात डांबून ठेवत्यात व्हय? देवळात गाभाऱ्याम्होरं कासव असतंय, त्याला कुणी पाय लावत न्हाई. आन आपण ओट्यावर! पाच सवाष्णी बोलावल्या. तिचं पाय धुतलं, पाठीवर हळदकुंकू लावलं, पाटीत खण हातरला आन दोरानं बेतानं खाली सोडली. माझ्या सासऱ्याच्या बापाच्या टायमाला हिरीत कासव व्हतं, पाणी आरशावानी राह्यचं. ते गेल्यापासनं जागा मोकळीच व्हती."

तिच्या लेखी यापेक्षा मोठा मान नव्हता. त्या भागात जुन्या विहिरीत कासव असणं हे घराचं भाग्य समजतात. सुनेनं माहेराहून भाग्य आणलं होतं आणि ती ते बादलीवजा टबात ठेवत होती, म्हणून सासूनं ते जागेवर नेऊन ठेवलं. उज्ज्वला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती विहिरीकडं धावली.

विहीर पंचवीस फूट रुंद, घडीव दगडानं बांधलेली, भिंती सरळ. पाणी बारा हात खाली, आणि तिथून तळापर्यंत आणखी दोन पुरुष खोल पाणी. पायऱ्या दक्षिणेच्या बाजूनं होत्या, पण त्या पाण्याच्या वर चार हातांवर कधीच्या खचून संपल्या होत्या. कासवाला टेकायला बोटभर कड नव्हती. लांब कोपऱ्यात पाण्यावर एक काळा ठिपका वर आला, उज्ज्वलानं "ठमे" म्हणून हाक मारताच बुडाला.

"आत्या," ती परत येऊन म्हणाली, "तिला रोज पाण्याबाहेर येऊन वाळावं लागतं. उन्हात. न्हाईतर कवच सडतं, छातीत पाणी धरतं. तिथं तिनं बसावं कुठं?"

बानूबाईचं हसू तिथंच थांबलं.

उज्ज्वलानं पुण्याच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, थंडीचे दिवस आहेत, पाळलेलं कासव आहे, तीन आठवडे काढेल, फार तर चार. तेवढ्यात बाहेर काढा. सांगायला काय जातं! संपतनं दोन मित्र आणले, मासे धरायचं जाळं आणलं आणि दोन दिवस तिघांनी विहिरीत असा काही धुमाकूळ घातला की विहिरीतले मासेसुद्धा घाबरून तळाला गेले. ठमी अकरा वर्षं माणसाच्या हातात वाढलेली. पण खाली उतरवलं, अंधार, वर अनोळखी भिंती, आणि मग हे तीन दांडगे अंगावर. आता पाण्यावर काडी पडली तरी ती बुडायची. उज्ज्वलानं टोपलीत सुकट घालून टोपली सोडली. सुकट माशांनी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वलानं बोलणं बंद केलं. स्वयंपाक करायची, मंचरला लॅबमध्ये नोकरीवर जायची, यायची, विहिरीच्या काठावर उभी राहायची. तिला सासूचा राग आला होता, खरा आणि कडू राग. आणि रागापेक्षा वाईट म्हणजे, आपण या घरात पुढं कशा राहणार हा प्रश्न पडला होता. यादीत लिहून आणलेली एकच गोष्ट होती तिची. बाकी समई आणि भांडी कुणाचीही असतात.

चौथ्या दिवशी सकाळी बानूबाईनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि सुनेला म्हणाली, "लई बुडवलं पोरांनी तिला. आता मी बघते. तू कामाला जा."

संध्याकाळी उज्ज्वला आली तेव्हा सासू विहिरीच्या उत्तरेच्या काठावर बसलेली होती. हातात काही नाही. जाळं नाही, टोपली नाही. नुसती बसलेली.

"काय केलं दिवसभर?" उज्ज्वलानं संपतला विचारलं. सासूशी बोलणं बंद होतं ना.

"काय बी न्हाई," संपत म्हणाला. "बसली व्हती."

दुसऱ्या दिवशीही तेच, पुढचा आठवडाभर तेच. तेच हिरवं लुगडं, तीच जागा. फक्त दुपारी बाराच्या सुमाराला ती मेंढरांना हाकारताना करायची तसा जिभेचा एक आवाज काढायची आणि चिमूटभर सुकट त्याच ठिकाणी पाण्यात टाकायची. उज्ज्वलाचा धीर सुटला. शनिवारी अर्धी रजा टाकून ती तरातरा विहिरीवर आली आणि दक्षिणेच्या काठावर, सासूच्या समोर जाऊन उभी राहिली. जोरात काहीतरी बोलणार होती.

"सावली काढ," बानूबाई हळूच म्हणाली.

उज्ज्वलानं खाली पाहिलं. बारा वाजत आले होते. हिवाळ्याचं कललेलं ऊन विहिरीत उतरून पाण्याच्या उत्तरेकडच्या तुकड्यावरच पडलं होतं, चार-पाच हातांचा चांदवा. त्या चांदव्यात मधोमध तिच्या डोक्याची सावली होती. आणि सावलीच्या कडेला, पाण्यात सरळ जाणारा एक काळा ठिपका.

"एवढ्याच जागी ऊन येतंय," बानूबाई म्हणाली. "अकरापासनं एकपतोर. ती बी तिथंच येती, तेवढ्याच वेळात. दुसरीकडं कुठं न्हाई. तिनं तीन दिसांत शोधलंय, पोरांना न्हाई सापडलं. मी हिकडं बसते, माझी सावली मागं पडती. ये, हिकडं येऊन बस."

उज्ज्वला गेली आणि बसली. राग कुठं गेला म्हणता? गेला नव्हता, पण आता त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. अकरा वर्षं जिनं कासव सांभाळलं तिला ऊन कुठं पडतंय हे दिसलं नव्हतं. जिनं आठ महिने ते लांबून बघितलं तिनं विहिरीचं घड्याळच मांडलं होतं.

"नुसतं बसून काय व्हणार, आत्या?"

"तिला माझा कंटाळा येऊ दे. जनावराला आपला कंटाळा आला की भ्या जातंय. नवीन मेंढी कळपात आली की मी तिला धरायला जायचीच न्हाई. जवळ जाऊन बसायची आन दुसरीकडं बघत ऱ्हायची. मग तीच वास घ्यायला येती."

रविवारी बानूबाईनं माळ्यावरून जुनी वाघर काढली. रानात मुक्काम पडला की मेंढरांभोवती कुडासारखं लावायचं ते दोरीचं जाळं. ते तिनं चौकोनी कापलं, कापताना हात जरा थांबला तेवढाच. संपतनं पांगाऱ्याची दोन ओंडकी आणून बांधली. पांगारा हलका, पोरं तो पाठीला बांधून पोहायला शिकतात, बुडता बुडत नाही. ओंडक्यांवर पंजा धरायला बारदान ठोकलं. खाली वाघर सैल सोडली आणि तिच्या चार कोपऱ्यांच्या दोऱ्या वर एकत्र आणून काठावरच्या कप्पीतून घेतल्या. दोर ओढला की कडा वर याव्यात आणि झोळी व्हावी. सोमवारी सकाळी, ऊन यायच्या आधी, तो तराफा उत्तरेच्या बाजूला पाण्यावर टेकला.

दोन दिवस ठमी त्याच्याकडं फिरकली नाही. बुधवारी तिनं नाक लावलं. गुरुवारी पुढचे दोन पाय वर टाकले आणि घसरली. बानूबाई रोज संध्याकाळी सुनेला एवढंच सांगायची, आणि उज्ज्वला आता दारातूनच विचारायची, "आज काय केलं तिनं?" बोलणं बंद होतं हे दोघी विसरून गेल्या. शुक्रवारी उज्ज्वलानं रजा काढली. साडेअकराला ठमी तराफ्यावर चढली. पाणी निथळत, दमानं चढली, आणि मागचे पाय पसरून उन्हात पडली. पाठीवर हळदकुंकवाचा पुसट डाग अजून होता. उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ओढा ना, आत्या."

"आज न्हाई."

"बुडली तर परत यायची न्हाई ती!"

"म्हणूनच न्हाई. आज तिला कळू दे की इथं बसलं तर काय बी व्हत न्हाई. उद्या बी कळू दे."

उज्ज्वला दोराकडं बघत राहिली. दोर तिच्या हातापासून वीतभर होता. तिनं आपले हात मांडीखाली घेतले. ते बानूबाईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि पाण्यावरची नजर न हलवता ती बोलायला लागली.

"मी ह्या घरात आले तवा सोळा वर्षांची व्हते. येताना माझी मेंढी आणली व्हती. काळतोंडी. तिची माय मेली, मी बोटानं दूध पाजून वाढवली. माझ्या मागं मागं यायची, चुलीपतोर. पयल्या दिवाळीला माहेरी गेले. आले तर कळपात न्हाई. सासऱ्यानं दुसऱ्या धनगराच्या वाड्यावर देऊन टाकली व्हती. वाईट माणूस नव्हता. त्याला ती कळपातली एक मेंढी."

"मग तुमी काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? सुनेनं इचारायचं नसतं, असं आईनं सांगून धाडलं व्हतं. भाकरी केल्या. तू हिरीवरनं पळत आलीस ना, तवा तुझं तोंड बघितलं. म्या मानानं सोडली तिला, हळदकुंकू लावून. तरी तोंड तेच."

खाली ठमीनं मान लांब केली आणि डोळे मिटले.

शनिवारीही ठमी चढली, बसली, उतरली. बानूबाई हलली नाही. रविवारी, डॉक्टरच्या हिशेबानं तिसरा आठवडा भरत आला असताना, पावणेबाराला बानूबाईनं दोर हातात घेतला. ओढला म्हणणं चुकीचं आहे. ठमी डोळे मिटायची तेव्हा दोर बोटभर यायचा, डोळे उघडले की थांबायचा. बानूबाईच्या मनगटाच्या शिरा तटतटून उभ्या होत्या आणि चेहरा मात्र उन्हाला बसलेल्या माणसाचा होता. अर्धा तास गेला. संपत मागं श्वास रोखून उभा. उज्ज्वला सासूचे हात बघत होती. मंचरच्या लॅबमध्ये तिनं मोठमोठी महागडी यंत्रं बघितली होती, पण इतकं नेमकं काही तिनं आजवर पाहिलं नव्हतं. वाघरीच्या कडा चारी बाजूंनी पाण्याबाहेर आल्या, एक वीत, दोन विती. मग कुठंतरी बारदान हललं. ठमीनं मान आत घेतली आणि पाण्यात उडी घेतली.

झोळीत पडली. बानूबाईनं आता दोर सरळ ओढला, संपतनं मागून धरला, आणि पाणी गाळत, पाय झाडत, फुसफुसत ठमी बारा हात वर आली. उज्ज्वलानं तिला उचललं तेव्हा तिनं आधी दोन ओरखडे काढले. मग हाताचा वास कळला असावा. मान बाहेर आली, लाल पट्ट्यांसकट.

बानूबाई खाली बसली होती. तिच्या दोन्ही तळव्यांना दोरानं वळ उठले होते. उज्ज्वलानं ठमीला संपतच्या हातात दिलं आणि आधी ते तळवे धरले. "आत्या, लई भारी केलंत तुमी," ती म्हणाली. शहरात शिकलेल्या मुलीला याहून मोठं वाक्य सुचलं नाही.

त्या दुपारी टब पुन्हा ओट्यावर मांडला, उन्हाच्या बाजूला, आणि दगड कुठं ठेवायचा ते बानूबाईनं सांगितलं. ठमीनं मूठभर सुकट फस्त केली. मग बानूबाई आत गेली, ट्रंक उघडली आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आली. कोपऱ्यांना हळदकुंकू होतं.

"वाच. कासव कुठं लिहिलंय?"

उज्ज्वलानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बानूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"लिहिलेलं व्हतं, तरी मी इचारलं न्हाई तुला," ती म्हणाली. "त्याच्या खाली जागा हाय का?"

"हाय. दोन बोटं."

"मग लिही. मेंढी, एक. काळतोंडी. उजव्या कानाला खाच."

उज्ज्वला पेन घेऊन आली. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "कुणाची म्हणून लिहू?"

बानूबाई टबाकडं बघत होती. "बानूची," ती म्हणाली. "तवा मला बाई कुठं कोण म्हणत व्हतं."

उज्ज्वलानं तसंच लिहिलं. मग देवघरातून करंडा आणला आणि त्या ओळीच्या शेवटी हळद लावली, कुंकू लावलं. बानूबाईनं कागद घेतला, वाळेपर्यंत हातात धरला, आणि ट्रंकेत परत न ठेवता घडी करून कमरेच्या चंचीत, पानसुपारीशेजारी ठेवून दिला.